वर्नेलचा डावा हात

वर्नेल टॉलिव्हरने पियानोपुढे बसल्या बसल्या तीन बोटं खाली दाखवली, आणि लूशस पेटवेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

तीन बोटं खाली म्हणजे गाणं कुठल्या पट्टीत आहे त्याची खूण. डेट्रॉइटच्या लिव्हर्नॉइस रस्त्यावर वाद्य वाजवून पोट भरणाऱ्या प्रत्येकाला ती कळते, आणि ती कुणाला करायची हेही कळतं. आयत्या वेळी धरून आणलेल्या परक्या वादकाला. नेहमीचा माणूस तापाने पडला म्हणून त्याच्या जागी उभ्या केलेल्याला. लूशस काही आयत्या वेळी आलेला नव्हता. वर्नेल जेव्हापासून पियानो वाजवत गात होती, तेव्हापासून माणसाहून उंच असलेलं ते लाकडी धूड, तो बास, कवेत घेऊन तिच्या डाव्या खांद्यापाशी तोच उभा होता. मधल्या काळात तिची दोन लग्नं झाली आणि मोडली, ड्रमवाले किती बदलले त्याची मोजदाद नाही. बासवाला मात्र एकच.

“मला कशाला दाखवतेस?” तो म्हणाला. “हे गाणं तू माझ्या स्वयंपाकघरात बसून रचलंस. अर्लीनचा अर्धा केक खाऊन.”

“दाखवली तर बघ आणि गप्प बस,” वर्नेल म्हणाली. “बघायला काय पैसे पडतात?”

तो गप्प बसला, पण मनातून नाही. आजचा रविवार साधा नव्हता. न्यूयॉर्कहून ब्रॉडी नावाचा माणूस टेपची यंत्रं घेऊन आला होता, आणि मर्सरच्या लाउंजमध्ये, म्हणजे त्याच्या जेवणा-गाण्याच्या हॉटेलात, चर्च सुटल्यावर जमणाऱ्या नेहमीच्या मंडळींसमोर, वर्नेलची रेकॉर्ड करणार होता. टाळ्या, खोकले, सगळ्यासकट. वर्नेलने साठी ओलांडली होती. आजवर तिच्या नावावर दोन-तीन छोट्या तबकड्या होत्या, त्याही आता कुणाच्या घरी सापडत नव्हत्या. अख्खी मोठी रेकॉर्ड निघायची ही पहिलीच वेळ, आणि या वयात दुसरी वेळ कोण देतो?

ब्रॉडीने पियानोच्या पोटात, ड्रमवर, बासच्या पुढे, टेबलांच्या वर, जागा मिळेल तिथे माइक लटकवले होते. संथ गाणी चालू असताना मासे तळू नका, असं त्याने मर्सरला सांगितल्यापासून मर्सर फुगून बसला होता. “पंचवीस वर्षं लोक माझ्या माशांच्या आवाजावर गातायत,” तो येईल त्याला ऐकवत होता. “आता म्हणे मासा बेसूर झाला.”

लूशसला माशांची चिंता नव्हती. त्याला वर्नेलची चिंता होती. गेल्या ईस्टरपासून तिचं काहीतरी बिनसलं होतं. एकच गोष्ट ती दोन-तीनदा सांगायची. या रविवारची वेळ तिने त्याला फोन करून पुन्हा पुन्हा सांगितली, आणि शेवटी तर “परवाच बोललो ना आपण” असं म्हणाली, जे साफ खोटं होतं. परवा कुणाचा फोन आलाच नव्हता. वेगाने धावणारी अवघड गाणी तिने एकेक करून बाजूला टाकली होती. वाजवता वाजवता ती मध्येच त्याच्याकडे बघत राहायची, रस्ता चुकलेली बाई चौकातल्या पोलिसाकडे बघते तशी. आणि आता या खुणा. माणूस स्वतः विसरायला लागलं की त्याला सगळं जग विसरभोळं वाटतं, हे लूशसला ठाऊक होतं. त्याच्या आईचं तसंच झालं होतं.

सकाळी चर्चमधून इथे येताना त्याने हे बायकोला, अर्लीनला, सांगून टाकलं. गाडी अर्लीन चालवत होती. हल्ली तीच चालवायची, म्हणे त्याने तिच्या गुडघ्याला आराम पडतो. उभं आयुष्य गाड्यांच्या कारखान्यात काढलेल्या माणसाला शेजारी बसवून त्याच्याच गाडीचं चाक बायकोने धरायचं, हे त्याला फारसं आवडत नव्हतं, पण गुडघ्यापुढे कोण काय बोलणार?

“वर्नेलचं डोकं चालेनासं झालंय,” तो म्हणाला.

“असं?” अर्लीनने आरशात बघून आपली जांभळी हॅट सरळ केली.

“आज टेप चालू असताना ती गाण्यात हरवली तर? हसं होईल गं तिचं. आणि रेकॉर्डवरचं हसं जन्मभर राहतं.”

“तू आहेस ना तिथे.”

“मी आहे म्हणून तर निभतंय,” लूशस म्हणाला. अर्लीनने गाडी लिव्हर्नॉइसकडे वळवली.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्याने ड्रमवाल्यालाही बाजूला घेतलं. रेनार्ड गॉइन्स चाळिशीचा, गुणी माणूस. लूशस चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्रीच्या हाताखालचा मानकरी, होता म्हणून रेनार्ड त्याला त्याच नावाने हाक मारायचा.

“हे बघ रेनार्ड, आज गडबड झाली तर तिच्याकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ. मी जाईन तिथे ये.”

रेनार्डने हातातले, ड्रमवर फिरवायचे तारांचे ब्रश उगाचच उलटसुलट केले. “डीकन, तुम्ही काळजी करू नका. आम्ही आहोत.”

“तेच सांगतोय मी तुला. काळजी मी करतो, तू ताल सांभाळ.”

“बरं,” रेनार्ड म्हणाला, आणि बूट बांधायला खाली वाकला. त्याचे बूट नाडीचे नव्हते.

सुरुवात झकास झाली. लाउंज गच्च भरलं होतं. चर्चच्या हॅटा, कडक इस्त्रीचे सूट, प्लेटमध्ये भाजी आणि मक्याचा ब्रेड. पहिल्या दोन गाण्यांत वर्नेलने सगळ्यांना खिशात टाकलं. ती गाताना पियानोही जणू तिच्याच गळ्यातून यायचा. लूशसचा जीव भांड्यात पडला. त्याची बोटं तारांवर आपसूक चालत होती, आणि पुढच्याच टेबलावर अर्लीनची जांभळी हॅट तालावर हलत होती.

मग ते गाणं आलं. ‘उशीर झाला तरी ये.’ अर्धा केक खाऊन रचलेलं.

गाणं चार कप्प्यांचं. पहिला तुकडा, तोच पुन्हा एकदा, मग निराळ्या वाटेने जाणारा तिसरा तुकडा, ज्याला हे लोक पूल म्हणतात, आणि पुलावरून उतरलं की पुन्हा पहिला. असं गोल गोल फिरायचं. पुलावर कधी चढायचं हे बासने पायाखालून सांगायचं असतं. तिथे बास चुकला तर गाणं थेट नदीत.

वर्नेलने एकदा पूर्ण गायलं आणि मग नुसता पियानो सुरू केला. पहिला तुकडा झाला. दुसरा झाला. की तिसरा? आत स्वयंपाकघरात कुणीतरी कढई खाली ठेवली, एका म्हातारीने चर्चमधला हातपंखा फडफडवला, आणि लूशसच्या डोक्यात क्षणभर काहीच राहिलं नाही, पाटी पुसल्यासारखं. मग त्याला वाटलं, अरे, पूल झाला की. आताच उतरलो आपण. त्याने खुशाल शेवटच्या तुकड्याची वाट धरली.

वर्नेलचे हात मात्र भलतीकडेच निघाले. दोन श्वासांपुरते बास आणि पियानो दोन वेगळ्या गावी होते. रेनार्डचा ब्रश अडखळला. हरवली, त्याला वाटलं, हरवली बिचारी. तेवढ्यात वर्नेलने उजवा हात उचलून तळवा आपल्या डोक्यावर ठेवला. ही खूणही सगळ्यांना ठाऊक असते. पुन्हा पहिल्यापासून.

पुन्हा पहिल्यापासून? आता? पूल उतरून दोन पावलं नाही झाली, आणि बाई म्हणतात परत घरापासून चला! लूशसला काही समजेना. कुठे आहोत आपण, कितवा फेरा आहे, हिला काय झालंय? पण सांभाळायचं म्हणजे सांभाळायचं. तो मुकाट्याने मागे आला, आणि तिघं पुन्हा एकत्र चालू लागले. लोकांना काही कळलं नसावं. निदान त्याला तरी तसं वाटलं.

शेवटच्या फेऱ्यात वर्नेल पुन्हा गायला लागली, आणि पुन्हा तोच घोळ. लूशस शेवटच्या तुकड्यावर आला, आणि वर्नेलने पुलाचे शब्द काढले. झालेल्या पुलाचे. या खेपेला तिने डोक्यावर हात ठेवला नाही. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, डोळे मिटले, आणि पुलाचे ते शब्द त्याच्या बासवर बसतील अशा निराळ्याच चालीत, हळू, जवळजवळ बोलल्यासारखे म्हणू लागली.

“वाट चुकलास तर थांब तिथेच, मी कोट चढवून निघाले…”

“सांग, बाई, सांग!” मागून कुणीतरी ओरडलं, चर्चमध्ये ओरडतात तसं. लूशस पाय रोवून उभा राहिला. ती बिचारी कुठेही भटको, खालची जमीन हलू द्यायची नाही, एवढंच त्याने धरून ठेवलं. गाणं संपलं तेव्हा लोक उभे राहिले होते, आणि अर्लीन हॅटखाली रुमाल धरून रडत होती. वर्नेलसाठी रडतेय, लूशसच्या मनात आलं. कळलं वाटतं तिलाही.

मध्यंतरात सगळे मर्सरच्या स्वयंपाकघरात गेले, कारण ब्रॉडीची यंत्रं तिथेच, पिठाच्या पोत्यांशेजारी मांडलेली होती. ब्रॉडीने कानावरचं यंत्र काढलं.

“बाकी सगळं सोनं आहे,” तो म्हणाला. “ते संथ गाणं मात्र… दुसऱ्या भागात परत घ्यावं का? त्यात दोन ठिकाणी जरा…” तो वर्नेलकडे बघत थांबला.

वर्नेल पिठाच्या पोत्याला टेकली. तिच्या चेहऱ्यावर असा थकवा लूशसने कधी पाहिला नव्हता, आणि त्याला गलबलून आलं. एवढ्या वर्षांची सोबत. एका परक्या माणसासमोर तिला हे कबूल करायला लागू नये. त्याने बास भिंतीला टेकवला आणि पुढे झाला.

“मिस्टर ब्रॉडी, चूक माझी होती,” तो मोठ्याने म्हणाला. “पूल मी चुकवला. दोन्ही वेळा मीच. वर्नेल अगदी बरोबर होती. काय लिहायचं असेल ते माझ्या नावावर लिहा.”

बोलून झाल्यावर त्याला फार बरं वाटलं. आता वर्नेल म्हणेल, नाही रे, असं काय करतोस. किंवा नुसती बघेल तरी, आभार मानल्यासारखी. पण वर्नेल जमिनीकडे बघत होती. रेनार्डने तोंड फिरवलं. मर्सर हातात झारा घेऊन उभा होता, आणि झाऱ्यावरून तेल टपटप त्याच्या बुटावर पडत होतं. अर्लीन दारात येऊन थांबली होती. कुणीही, एकानेही, “नाही, डीकन, तुमची चूक नव्हती” असं म्हटलं नाही.

“काय झालं?” लूशस म्हणाला. “अरे, बोला ना कुणीतरी.”

“ऐकव त्याला,” वर्नेल ब्रॉडीला म्हणाली.

“ऐकवायची काही गरज नाही, मी…”

“ऐकव.”

टेप फिरली. लूशस आयुष्यभर बास वाजवत आला होता, कान त्याचे अजून शाबूत होते. बाकी काही विसरला तरी चार कप्पे मोजायला तो विसरला नव्हता. त्याने बोटांवर धरलं. पहिला तुकडा. दुसरा. मग कढईचा आवाज, पंख्याची फडफड, आणि मग पूल यायला हवा होता, पियानो पुलावर चढलाही होता, आणि बास, तो भरदार, ठाम, आत्मविश्वासाने भरलेला बास, खाली नदीकाठाने एकटाच चालला होता.

“टेप चुकीची जोडली आहे,” तो म्हणाला.

“जोडलेली नाही, सर,” ब्रॉडी हळू म्हणाला. “एकसलग आहे.”

“परत लाव.”

परत लावली. परत तेच. मग शेवटचा फेरा. वर्नेल अगदी वेळेवर, जिथे पाहिजे तिथे पुलावर आली होती. तिथे बास नव्हता. तेव्हा ती पूल सोडून खाली आली होती, तो होता तिथे.

लूशस पिठाच्या पोत्यावर बसला. भीती वाटली त्याला. सरळ, पोरासारखी भीती. जे टेपवर होतं ते त्याला आठवत नव्हतं, आणि जे त्याला आठवत होतं ते टेपवर नव्हतं. मग तो परवाचा फोन? झाला होता का? आणि गाडी? आणि अर्लीनचा गुडघा?

“कधीपासून?” त्याने विचारलं.

वर्नेलने अर्लीनकडे बघितलं. अर्लीन पुढे आली. “ईस्टरच्या रविवारी तू चर्चमधून गाडी घेऊन कामावर गेलास. बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकाशी डबा मांडीवर घेऊन बसला होतास. फाटक का उघडत नाहीत म्हणून चिडला होतास.”

“मला आठवत नाही.”

“ठाऊक आहे मला.”

“आणि तू,” तो वर्नेलवर उखडला, कारण कुणावर तरी उखडायला हवं होतं, “तू हे माहीत असून मला टेपपुढे उभं केलंस? तुझ्या रेकॉर्डचा सत्यानाश करायला? न्यूयॉर्कमध्ये काय बासवाले संपले?”

“नव्हते संपले,” वर्नेल म्हणाली. “यांनी मला तिकडेच बोलावलं होतं. चांगला पोरगेला बासवाला ठरवला होता, स्टुडिओ ठरवला होता, पुढच्या वसंतात. मी म्हटलं, डेट्रॉइटमध्येच, मर्सरकडे, आणि याच शरदात. आणि पेटवे नसेल तर मीही नाही.” ती त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. “मी पुढच्या वर्षीही असेन रे, मूर्खा. माझी रेकॉर्ड कधीही निघाली असती.”

मर्सरने झारा ठेवला. बाहेर लोक टेबलं वाजवायला लागले होते. ब्रॉडी कुणाकडेच न बघता म्हणाला, की ते गाणं सोडून दिलं तरी चालेल, बाकीची पुरेशी आहेत.

लूशस उठला आणि बास उचलला.

“परत घेऊ,” तो वर्नेलला म्हणाला. “पण मला खूण कर. पुलाला. परक्या माणसाला करतात तशी, सगळ्यांसमोर, हात वर करून. मी बघेन.”

“बघशील?”

“दाखवली तर बघेन आणि गप्प बसेन.”

दुसऱ्या भागात त्यांनी ते गाणं पुन्हा वाजवलं. मर्सरने आपणहून मासे बंद ठेवले. दर फेऱ्याला, दुसरा तुकडा संपत आला की वर्नेल डावा हात पियानोवरून उचलायची आणि मनगटातून वाकवून कमान करून धरायची. उजवा हात एकटाच वाजत राहायचा. लूशसने तारांकडे बघितलं नाही, लोकांकडे बघितलं नाही. तो त्या हाताकडे बघत होता, आणि हात वर गेला की पुलावर चढत होता.

रेकॉर्ड फेब्रुवारीत आली. जाणकारांनी त्या गाण्याचं फार कौतुक केलं. ऐन पुलाच्या तोंडाशी वर्नेल टॉलिव्हर पियानोचा डावा हात क्षणभर गप्प ठेवते आणि बासला एकट्याला पुढे जाऊ देते, ही तिची खास लकब आहे, असं कुणीतरी छापूनही आणलं. वर्नेलने ते वाचून अर्लीनला फोन केला, आणि दोघी आधी हसल्या.

लूशस ती रेकॉर्ड दर रविवारी चर्चहून आल्यावर लावायचा, अर्लीन भाजी शिजत टाकायची तेव्हा. बास आता कोपऱ्यात उभा असायचा. ती जागा आली की तो हमखास पुढे वाकायचा.

“हे बघ, हे! डावा हात गेला कुठे हिचा? ऐन वेळी, टेप चालू असताना! मी म्हणत होतो ना, वर्नेलचं डोकं चालेनासं झालंय.”

“असं?” अर्लीन म्हणाली. चूल बारीक करून ती त्याच्या शेजारी येऊन बसली. त्याची बोटं मांडीवर चालत होती, आणि पुलावर बरोबर चढली.

“पण मी होतो तिथे,” तो म्हणाला. “मी एकटं नाही सोडलं तिला.”

“नाही सोडलंस,” अर्लीन म्हणाली.